भाषाशिक्षकाची टिपणवही

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षकाची व्यावसायिक वाढ या विषयावर मी आपल्यापुढे चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. विषयाचे नाव भारदस्त आहे. परंतु त्यामागील प्रश्न अगदी साधा आहे. नोकरीची वर्षे सेवापुस्तकात आपोआप चढत जातात. मुलांविषयीची, भाषेविषयीची आणि आपल्या कामाविषयीची जाण मात्र तशी आपोआप चढत नाही. ती कशी वाढावी, हाच आजचा प्रश्न होय.

या प्रश्नाचे एक उत्तर प्रशिक्षण हे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकास दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असे म्हटले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. चांगल्या वर्गातून आपण पुष्कळ घेऊन येतो. परंतु वर्षातील ५० तास प्रशिक्षणाचे धरले, तरी उरलेले शेकडो तास आपण आपल्या मुलांसमोर उभे असतो. त्या तासांत जे घडते ते संध्याकाळी शाळेला कुलूप लावताना आपण तेथेच ठेवून येतो. शिकविणाऱ्याची खरी शाळा त्या तासांतच भरलेली असते, आणि तिची नोंद कोठेच राहत नाही. ती नोंद राहावी यासाठी एक शंभर पानी वही पुरे आहे, एवढेच सांगण्यासाठी मी उभा आहे. या वहीला मी टिपणवही म्हणतो.

आपला परिसर आणि आपले वर्ग

ही सूचना सर्वच शिक्षकांना लागू पडेल. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील भाषाशिक्षकास तिची गरज अधिक आहे, आणि त्याला कारण आपल्या भूमीचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या होत्या. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना या ओसाड बराकींत आश्रय मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीच्या नव्या नगराची कोनशिला बसली व उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील माणूस आपला पत्ता सांगताना 'कॅम्प' आणि त्याचा क्रमांक सांगतो. या लोकांनी गाव गमावले, परंतु भाषा बरोबर आणली. तिला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळण्यास मात्र १९६७ साल उजाडावे लागले.

अंबरनाथची कथा याहून निराळी आहे. तेथील शिवमंदिरावरील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे, आणि शिलाहार राजा माम्वाणि याच्या काळाशी ते मंदिर जोडलेले आहे. विसाव्या शतकात त्याच गावी काडेपेट्यांचा कारखाना आला, युद्धसाहित्याचा कारखाना आला, पुढे औद्योगिक वसाहत आली, आणि कामाच्या शोधात नाना प्रांतांची माणसे आली. बदलापूरकडे रेल्वेच्या सोयीने मुंबईकडची मध्यमवर्गीय वस्ती सरकत गेली. आणि या सर्वांच्या भोवती, बारवी व उल्हास नद्यांच्या खोऱ्यांत, आगरी, कुणबी, ठाकूर आणि कातकरी यांची जुनी गावे व पाडे आहेत.

म्हणून आपल्या एखाद्या गावच्या शाळेत दहा मैलांच्या आतली दहा मुले घेतली, तर त्यांच्या घरच्या बोली चार-पाच निघतात. पाठ्यपुस्तक मात्र एकच असते. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकविणे सक्तीचे झाले आहे. तेव्हा मराठीच्या शिक्षकापुढे बसलेले मूल घरी मराठी बोलतेच, असे गृहीत धरून आता चालणार नाही. पुस्तकाच्या लेखकाला हे मूल ठाऊक नसते. प्रशिक्षण देणाऱ्या तज्ज्ञालाही ते ठाऊक नसते. ते फक्त आपल्याला ठाऊक असते. ज्ञान एकट्यापाशीच असेल, तर ते लिहून ठेवण्याची जबाबदारीही त्या एकट्यावरच येते.

चूक एक, कारणे दोन

एक उदाहरण घेऊन हे स्पष्ट करतो. समजा, आपल्या वर्गात दोन मुले 'डोळा' या शब्दाचा उच्चार 'डोला' असा करतात व तसाच लिहितात. गुणपत्रिकेच्या दृष्टीने दोघांची चूक सारखीच आहे. दोघांच्याही वहीत आपण तांबडी रेघ ओढतो आणि पुढे जातो.

परंतु त्यांतील एक मूल सिंधी घरातले आहे. सिंधी भाषेत 'ळ' हा वर्ण नाही, हिंदीतही तो प्रचारात नाही. त्या मुलाच्या कानाने हा ध्वनी कधी वेगळा म्हणून ऐकलेलाच नसतो. दुसरे मूल आगरी घरातले आहे. त्याची बोली मराठीचीच आहे, परंतु त्या बोलीत 'डोळा' हा 'डोला' होतो, 'घोडा' हा 'घोरा' होतो आणि 'पाणी' हे 'पानी' होते. त्याची आजी असेच बोलते, आणि आजी चुकीचे बोलते असे त्याला कोणी सांगितलेले नाही, सांगूही नये.

पहिल्या मुलाला कानाचा व जिभेचा सराव हवा. 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ', 'कल' आणि 'कळ' अशा जोड्या त्याला ऐकवाव्यात. कोणता शब्द ऐकला ते चित्रावर बोट ठेवून दाखवावयास सांगावे. आणि जिभेचे टोक मागे वळवून टाळूला कसे लागते, हे आपल्या तोंडाकडे पाहून त्याला शिकू द्यावे. दुसऱ्या मुलाला या कसरतीइतकीच आणखी एका गोष्टीची गरज आहे, ती म्हणजे आदराची. फळ्यावर दोन रकाने करावेत, एकावर 'घरची बोली' आणि दुसऱ्यावर 'पुस्तकाची भाषा' असे लिहावे, आणि 'डोला' व 'डोळा' हे शब्द शेजारी शेजारी मांडावेत. घरचा शब्द खोडला जात नाही, हे पाहिले की मूल पुस्तकाचा शब्द आनंदाने उचलते.

आता याच्याही पुढची एक गंमत पाहा. 'पाणी' या शब्दाला सिंधी भाषेत 'पाणी' असेच म्हणतात. त्या भाषेत 'ण' चांगला ठसठशीत आहे. म्हणजे ज्या मुलाला आपण परभाषी समजतो, त्याच्या आजोबांच्या तोंडी आपल्या पुस्तकातला शब्द जसाच्या तसा आहे, आणि ज्याला आपण मराठी म्हणतो त्याच्या घरी तो 'पानी' आहे. मात्र सिंधी घरांतून आता पुष्कळ ठिकाणी मुलांशी हिंदीत बोलतात, आणि हिंदीबरोबर 'ण' जाऊन 'न' येतो. अशा मुलाला आपण 'आजोबांना विचारून ये, पाण्याला ते काय म्हणतात' असे सांगितले, तर दुसऱ्या दिवशी ते मूल मराठीचा शब्द आपल्या स्वतःच्या घरातून घेऊन येईल. एका भाषेच्या शिक्षणाने दुसऱ्या भाषेची राख होऊ न देता दोन्हींना उजाळा देण्याचा हा मार्ग आहे.

लिंगविचाराचेही असेच आहे. मराठीत तीन लिंगे आहेत. सिंधीत आणि हिंदीत दोनच. 'घर' हा शब्द या दोन्ही भाषांत पुल्लिंगी आहे. म्हणून मूल 'माझा घर' असे लिहिते. ते निष्काळजीपणाने लिहिलेले नसते. ते मूल आपल्या भाषेचा नियम काटेकोर पाळत असते! त्याला नपुंसकलिंगाची व्याख्या पाठ करावयास लावून काही साधत नाही. नवा शब्द देतानाच तो 'ते घर', 'ते झाड', 'ते पुस्तक' असा सर्वनामासह द्यावा, म्हणजे शब्द आणि लिंग एकदमच जिभेवर बसतात. तसेच 'चहा' मधला च आणि 'चाक' मधला च, 'जेवण' मधला ज आणि 'जावई' मधला ज हे लिहिताना एक व बोलताना दोन आहेत. मराठी घरातल्या मुलाला हे न शिकविता येते, म्हणूनच ते शिकवावे लागते ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही.

बंधुभगिनींनो, हे सारे कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत एकत्र सापडणार नाही. ते मुलांच्या वह्यांत सांडलेले असते. एका दिवशी एक चूक दिसते, पंधरा दिवसांनी तशीच दुसरी दिसते. मधल्या काळात पहिली विसरलेली असते. दोन्ही एका पानावर आल्या की त्यांच्यातला नियम दिसू लागतो. चुकांतील नियम ज्याला दिसला, त्याची चीड नाहीशी होते आणि जिज्ञासा जागी होते. शिक्षकाची वाढ म्हणतात ती मला तरी यापेक्षा वेगळी वाटत नाही.

आपले पूर्वसूरी

शिक्षकाने आपल्या कामाविषयी लिहावे, ही कल्पना नवीन नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. ते स्वतः शिक्षक होते, आणि पुढे शिक्षक तयार करण्याच्या कामाशीही त्यांचा संबंध आला. पहिली आवृत्ती काढून ते स्वस्थ बसले नाहीत. पुढील आवृत्त्यांत त्यांनी ग्रंथात भर घातली. एकोणिसाव्या शतकात मराठी शाळांसाठी 'शालापत्रक' निघत असे व त्याच्याशी कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांची नावे निगडित आहेत. म्हणजे मराठी गद्याच्या घडणीतच शिक्षकाच्या लेखणीचा वाटा आहे.

साने गुरुजींचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे आहे. १९२४ पासून सुमारे सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखित दैनिक लिहून काढीत. छापखाना नाही, वर्गणी नाही, जाहिरात नाही. हाताने लिहिलेले कागद, आणि वाचणारी छात्रालयातली मुले. पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेली ती लेखणी आधी या लहानशा वाचकवर्गासाठी रोज झिजली होती. रोज लिहिणे आणि कोणासाठी तरी लिहिणे, या दोन गोष्टींचे बळ किती असते, हे यावरून कळून येईल.

आणखी एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातले आहे. आज पालघर जिल्हा वेगळा झाला असला, तरी १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले होते. गिजुभाईंनी 'दिवास्वप्न' या आपल्या पुस्तकात एका शिक्षकाच्या प्रयोगांची हकीकत त्या शिक्षकाच्याच तोंडून सांगितली आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभारले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

तेथील वारली मुले शाळेत येत नसत. 'आदिवासींना शिक्षणाची आवड नाही' असे म्हणून हात झटकणे सोपे होते. या दोघींनी तसे केले नाही. मूल दिवसभर कोठे असते, हे त्यांनी पाहिले. मोठी मुले गुरांमागे कुरणात असत, तेव्हा शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. लहान मुले अंगणात असत, तेव्हा बालवाडीच अंगणात नेली, ती अंगणवाडी. हा शब्द आज साऱ्या देशात रूढ आहे, आणि तो आपल्या जुन्या जिल्ह्यातल्या निरीक्षणातून जन्माला आला, याचा आपण अभिमान बाळगावयास हरकत नाही. या कामाबद्दल ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिके'तून, आणि अनुताईंनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनातून लिहिले. म्हणूनच ते काम टेकडीपुरते राहिले नाही. कोल्हापूरच्या 'सृजन आनंद विद्यालया'च्या लीलाताई पाटील यांनीही आपल्या शाळेतील अनुभव ग्रंथरूपाने मांडले, तेव्हा ते दूरदूरच्या शिक्षकांना उपयोगी पडले.

परदेशांतूनही असाच दाखला मिळतो. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिका माओरी मुलांना वाचन शिकवीत असत. इंग्रज मुलांसाठी लिहिलेली वाचनपुस्तके या मुलांना परकी वाटतात, हे त्यांच्या ध्यानी आले. मग प्रत्येक मुलाला त्या त्याच्या मनातला एक शब्द विचारीत, तो कार्डावर लिहून त्याच्या हाती देत, आणि मूल तो आपला शब्द चटकन वाचावयास शिके. हे अनुभव त्यांनी 'टीचर' या नावाच्या पुस्तकात १९६३ साली प्रसिद्ध केले. कातकरी पाड्यावरच्या शिक्षकाला त्या पुस्तकातली अडचण ओळखीची वाटेल.

टिपण कसे करावे

आता व्यवहाराकडे वळू. टिपणवही ही दैनंदिनी नव्हे, आणि पाठटाचणही नव्हे. पाठटाचणात आपण काय करणार ते लिहितो. टिपणवहीत काय घडले ते लिहावयाचे. रोज लिहिण्याचा हट्ट धरू नये. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी दहा-बारा ओळी पुरेत. वर तारीख व इयत्ता लिहावी, आणि खाली तीन गोष्टी लिहाव्यात: काय घडले, ते का घडले असावे, आणि उद्या मी काय करून पाहणार.

यांतील पहिली गोष्ट सर्वांत अवघड आहे. 'हा मुलगा भाषेत कच्चा आहे' असे लिहिले, तर ते निरीक्षण झाले नाही, तो निकाल झाला. आणि निकाल लागला की खटला संपतो. 'मुलाने तीन ओळी न अडखळता वाचल्या, चौथ्या ओळीतील जोडाक्षराशी थांबला, खिडकीबाहेर पाहिले आणि मग पुढचे वाक्य पाठ असल्यासारखे म्हटले' असे लिहिले, तर ते निरीक्षण होय. त्यातून पुढचा प्रश्न आपोआप निघतो: पहिल्या तीन ओळी तरी त्याने वाचल्या होत्या, की त्याही पाठच होत्या? उद्या त्याच शब्दांचे नवे वाक्य फळ्यावर लिहून पाहावे.

उदाहरणादाखल एक कल्पित टिपण सांगतो. "इयत्ता चौथी. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दिला. बहुतेकांनी मोर नाचविला व इंद्रधनुष्य काढले. एकाने मात्र नदीचे पाणी घरात शिरले तेव्हा धान्याची पिंपे माळ्यावर कशी चढविली, हे बोलीभाषेत चार ओळींत लिहिले. शुद्धलेखनाच्या सहा चुका. माझ्या मते वर्गातील हा एकच निबंध खरा आहे. कारण: इतरांनी मार्गदर्शकातले आठवले, याने घरातले आठवले. उद्या: २००५ च्या जुलैतल्या महापुराची हकीकत घरातील वडीलधाऱ्यांना विचारून येण्यास सांगणे, आणि ती आधी तोंडी सांगावयास लावणे." एवढेच. हे टिपण लिहावयास दहा मिनिटे लागत नाहीत. परंतु ते लिहिणारा शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात निराळा माणूस म्हणून शिरतो.

महिन्याच्या शेवटी अर्धा तास काढून सारी टिपणे पुन्हा वाचावीत. कोणाचे नाव वारंवार येते आणि कोणाचे एकदाही येत नाही, हे पाहावे. ज्या मुलाविषयी महिनाभरात आपल्याला एक ओळही सुचली नाही, ते मूल आपल्या नजरेतून सुटले आहे असे समजावे, आणि पुढच्या आठवड्यात पहिली नोंद त्याची करावी. शांत बसणारी, मागच्या रांगेतील, आपली भाषा न बोलणारी मुले अशीच सुटतात. ती दांडगाई करीत नाहीत, तक्रार करीत नाहीत. एक दिवस ती फक्त येईनाशी होतात.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या मुलांसाठी तर ही वही मोलाची आहे. मूल स्थलांतर करते तेव्हा त्याच्यासोबत शिक्षण हमी पत्रक देण्याची व्यवस्था आहे. त्या पत्रकाला आपल्या वहीतील दोन ओळींची जोड द्यावी: 'हे मूल काना-मात्रांचे शब्द वाचते, जोडाक्षराशी थांबते, गोष्ट सांगावयास फार चांगले.' दुसऱ्या गावच्या शिक्षकाला मुलाची इयत्ता कळण्यापेक्षा हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मूल परत आले, की 'मागचे सारे विसरलास का?' असे म्हणण्याऐवजी वहीचे पान उघडून जेथे थांबलो होतो तेथून पुढे जाता येते.

एकमेकांस देणे-घेणे

लिहिलेले आपल्यापाशीच राहिले, तर निम्मेच काम झाले. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर महिन्यास आपण जमतोच. तेथे प्रत्येक वेळी दोन शिक्षकांनी आपल्या वहीतील एकेक पान वाचावे. ऐकणाऱ्यांनी 'वा, छान' म्हणून टाळ्या वाजवू नयेत, आणि 'असे नको होते' म्हणून चुकाही काढू नयेत, प्रश्न विचारावेत. 'मग त्या मुलाने काय केले?' हा एक प्रश्न दहा उपदेशांपेक्षा अधिक शिकवून जातो. वाचलेल्या पानांच्या प्रती एकत्र शिवून केंद्राचे एक हस्तलिखित वर्षातून दोनदा काढावे, ते शाळाशाळांतून फिरवावे, आणि समासात मोकळी जागा ठेवावी. उल्हासनगरच्या शिक्षिकेने लिहिलेल्या पानाच्या समासात बदलापूरकडील पाड्यावरचा शिक्षक आपला अनुभव लिहील, तर दोघांनाही सोबती मिळेल. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत वर्षानुवर्षे काढणाऱ्या आपल्या बांधवांना सोबतीची किंमत मी सांगावयास नको. अशा पानांतील निवडक मजकूर पुढे 'जीवन शिक्षण' सारख्या शैक्षणिक मासिकाकडेही पाठविता येईल.

आज आपल्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि त्यावर शिक्षकांचे गट आहेत; निरोप क्षणात पोहोचतो. त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु सकाळी आलेली चांगली गोष्ट तेथे संध्याकाळी शंभर निरोपांखाली गाडली जाते. वहीचे पान जागचे हलत नाही.

येथे एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे. वहीत मुलाचे नाव असेल. इतरांपुढे वाचताना ते नाव, त्याची जात, त्याच्या घरची अडचण उघडी पडता कामा नये. मुलाने आणि त्याच्या आईबापांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही आपल्याकडील ठेव आहे.

काही शंका

पहिली शंका वेळेची. माहिती, तक्ते, पत्रके, यांच्या लिखाणाने शिक्षक आधीच वाकला आहे. त्यात ही आणखी एक वही कशाला, असे कोणी म्हणेल. ही तक्रार खरी आहे, आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. परंतु बाकीचे सारे लिखाण आपण दुसऱ्यासाठी करतो. हे एकच लिखाण आपल्या स्वतःसाठी आहे. म्हणून माझी अधिकारी वर्गास हात जोडून विनंती आहे, की ही वही सक्तीची करू नये, तिचा नमुना ठरवू नये, आणि तपासणीच्या वेळी ती मागू नये. ज्या दिवशी तिच्यावर शेरा आणि सही होऊ लागेल, त्या दिवसापासून तिच्यात खरे लिहिले जाणार नाही. 'आज पाठ फसला' हे वाक्य शिक्षकाला निर्भयपणे लिहिता आले पाहिजे. विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख यांनी स्वतः अशी वही ठेवून तिच्यातील एखादे पान परिषदेत वाचले, तर मात्र शंभर परिपत्रकांचे काम होईल.

दुसरी शंका, 'मला लिहिता येत नाही' ही. बंधुभगिनींनो, आपण मुलांना रोज निबंध लिहावयास सांगतो. पाच ओळी स्वतःच्या मनाने लिहा, असे म्हणतो. कोणी पेन्सिल चावीत बसला तर रागावतो. जो स्वतः पाण्यात उतरत नाही, त्याने काठावरून पोहावयास शिकवू नये. कोऱ्या पानापुढे बसले की पहिले वाक्य किती जड असते, मनातले कागदावर आले की ते कसे पालटते, नेमका शब्द न सापडता जीव कसा कासावीस होतो, हे ज्याने अनुभवले, तो शिक्षक मुलाच्या अर्ध्या वाक्यावर तांबडी शाई उधळणार नाही. भाषाशिक्षकाने लिहावे, ते लेखक होण्यासाठी नव्हे. लिहिणाऱ्या मुलाची अवस्था कळावी, यासाठी त्याने लिहावे.

तिसरी शंका अशी, की एका खेडेगावातील शिक्षकाच्या नोंदीला काय महत्त्व? अंबरनाथच्या देवळावर थोडीशी अक्षरे कोणी कोरून ठेवली, म्हणून साडेनऊशे वर्षांनंतरही त्याचा शक आपल्याला सांगता येतो. तेथे ज्यांनी दगड घडविले, त्यांनी आपली विद्या कशी मिळविली व कोणाला दिली, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. ते कायमचे गेले. आपल्या शाळाशाळांतून बोली भाषांच्या मुलांना प्रमाण भाषेकडे नेण्याचे जे कौशल्य गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत शिक्षकांनी हस्तगत केले, तेही असेच निवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर घरी जाते. नव्या शिक्षकाला पुन्हा 'डोला' आणि 'डोळा' यांपासून आरंभ करावा लागतो, आणि तो शिकेपर्यंत त्याच्या हाताखालून गेलेली मुले त्याची किंमत देतात.

ही किंमत लहान नाही. पहिल्या तीन इयत्तांत ज्याला वाचावयास आले नाही, त्याला पुढे गणित, विज्ञान, इतिहास ही सारीच दालने बंद होतात. ज्याची घरची भाषा वर्गात हसण्याचा विषय झाली, ते मूल आधी बोलणे सोडते आणि मग शाळा सोडते. ते बुद्धीने कमी नव्हते. त्याची भाषा ओळखणारे कोणी त्याला वेळेवर भेटले नाही, एवढेच. ते ओळखणे आपल्या हाती आहे.

यासाठी मी आपल्यापाशी फार मागत नाही. उद्या शाळेत जाताना एक वही घेऊन जा. पहिल्या पानावर तारीख लिहा, आणि वर्गातील जे मूल सर्वांत कमी बोलते, त्याने उद्या उच्चारलेला एक शब्द, तो जसा उच्चारला तसाच, लिहून ठेवा. बाकीची वही त्या शब्दाच्या मागोमाग येईल.